मीटर वाऱ्यावर फिरतोय

परवा बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं ते पहाटे सव्वाचारला. आधी नळ सूंऽऽ करायला लागला, तशी आई आतनं ओरडली, "ऊठ रे, पाणी आलंय!" मी घागरी लावायच्या सोडून टॉर्च घेऊन मीटरपाशी. एक थेंब पडला नव्हता अजून आणि काटा गरागरा फिरत होता बघा, पाइपातला वारा बाहेर पडत होता आणि तोपण आमच्याच नावावर चढत होता.

आम्हाला पाणी देणारं राकसकोप धरण भरून वाहत असलं तरी नळाला पाणी पाळीनंच, त्यात आता नवल नाही. पण ह्या असल्या मीटरवर अख्ख्या पाणीखात्याचं प्रगतिपुस्तक लिहितात की.

2008 ला केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं शहरांना बेंचमार्क घालून दिले: माणशी रोज 135 लिटर, 24 तास पाणी, सगळ्या कनेक्शनला मीटर, आणि ज्या पाण्याचे पैसे येत नाहीत ते 20 टक्क्यांच्या आत. हे शेवटचं टार्गेट मला खटकतं. समजा 100 लिटर सोडलं, 80 चं बिल झालं, 20 गळालं, खातं पास. आता लोकांनी जपून 60 च वापरलं, गळती तेवढीच, म्हणजे 80 सोडायचं आणि त्यातलं 20 वाया, झाले 25 टक्के, नापास! पाइप तोच, भोक तेच. उलट दोनच तास पाणी सोडलं तर भोकाला गळायला वेळच नाही, म्हणून कमी पाणी देणाऱ्याची गळती पण कमीच दिसणार.

त्याच वर्षी जागतिक बँकेच्या कर्जातनं बेळगाव, हुबळी-धारवाड, गुलबर्ग्याच्या काही भागांत 24 तास पाणी सुरू झालं. तिथं पाइपलाइन नवीनच टाकावी लागली, जुन्यात दिवसभर प्रेशर ठेवला असता तर रस्त्यावरच झरे फुटले असते.

गळती धरायचा खरा उपाय रात्रीचा आहे. दोन ते चारच्या मध्ये सगळे झोपलेले, टाक्या भरलेल्या, तेव्हा वॉर्डाच्या मेन लाइनीतनं जे पाणी जातंय ते बहुतेक गळतीचंच. मग टक्के सोडायचे आणि दर कनेक्शनला किती लिटर गळतंय ते मांडायचं, प्रेशर किती तास होता ते पण सोबत लिहायचं.

पण आमच्या गल्लीत हे मोजणार कसं? पाणी रात्री दोनला आलं तर सगळ्यांच्या मोटरी चालू, बायका नळावर आणि म्हातारे कट्ट्यावर.