नाबोथच्या मळ्याचा हिशेब: तेल इज्रेलची एक दुपार

बायबलमधल्या इस्राएलच्या अहाब राजाचा वाडा बघायचा म्हणून कुणी तेल इज्रेलला गेलं, तर निराशच होईल. उत्तर इस्राएलमधल्या अफुलाहून गाडीने थोड्या वेळात टेकडी येते. वर दगडांचे ढीग, गुडघाभर गवत, खडकात खणलेल्या खंदकाच्या खुणा. पण कडेला गेलं की खाली अख्खं इज्रेलचं खोरं दिसतं आणि दक्षिणेला गिलबोवाचा डोंगर. मी आले होते ती नाबोथसाठी, याच राजाच्या शेजारी मळा असलेल्या शेतकऱ्यासाठी.

सोबत इस्राएलमधल्याच लोद शहरातले एक काका होते. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, जन्म अलिबागकडचा. ‘‘अगं, मलिद्याच्या ताटापुढे आम्ही ज्याचं नाव घेतो ना, तो एलियाहू हनाबी इथेच राजाला आडवा आला,’’ ते म्हणाले. एलियाहू हनाबी म्हणजे एलिया संदेष्टा, आणि मलिदा हा त्याच्या नावाने केला जाणारा नैवेद्य. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, असं त्यांचा समाज मानतो.

गोष्ट बायबलमधल्या पहिल्या राजे ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात आहे. वाड्याला लागून असलेला नाबोथचा द्राक्षमळा अहाबला भाजीपाल्यासाठी हवा होता. बदल्यात दुसरा मळा किंवा पैसे द्यायला तो तयार होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन देणार नाही. राजा रुसून, न जेवता, तोंड फिरवून पडला. मग ईजबेल राणीने त्याच्या नावाने पत्रं लिहिली, त्याचीच मोहोर लावली आणि गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली. उपास जाहीर झाला, दोन खोटे साक्षीदार उभे राहिले, देवनिंदेचा आरोप आला आणि नाबोथला गावाबाहेर दगडांनी ठेचून मारलं. सगळं कायद्याच्या चौकटीत! नियमाला दोन साक्षीदार लागायचे, दोन आणले.

अहाबने स्वतः एक अक्षर लिहिलं नव्हतं. तरी मळ्याचा ताबा घ्यायला तो उतरला, तेव्हा एलियाने त्यालाच विचारलं: खून करून वर जमीनही घेतलीस? मोहोर तुझी, मळा तुझ्या पदरात, म्हणजे जाब तुझा. अश्शूर (असिरिया) साम्राज्याच्या शिलालेखात इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईत याच अहाबचे २,००० रथ मोजले आहेत. इथे एका शेतकऱ्यापायी त्याला उत्तर द्यावं लागतं, हे मला फार मोठं वाटतं.

खाली झऱ्याच्या बाजूला खडकात कोरलेलं, द्राक्षं तुडवायचं कुंड उत्खननात सापडलं आहे. ते नाबोथचंच असं म्हणता येणार नाही, पण इथे द्राक्षांची दारू बनायची हे नक्की. आणि टेकडीवर १९४८ पर्यंत झरीन हे अरब गाव होतं. त्या वर्षीच्या अरब-इस्राएल युद्धात ते उठलं, लोकांना परत येता आलं नाही. नाबोथची गोष्ट सांगून हे न सांगणं मला पटत नाही.

पुढे येहू या सेनापतीने बंड करून, अहाबच्या गादीवर बसलेल्या मुलाला मारून त्याचं प्रेत नाबोथच्याच शेतात टाकलं. तिथे प्रथमच कळतं की नाबोथच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. वारसच ठेवला नव्हता. नंतर येहूनेही पत्रं धाडली आणि वडीलधाऱ्यांनी अहाबच्या ७० मुलांची मुंडकी टोपल्यांत भरून इज्रेलला पाठवली. त्या पत्रांनाही नकार देणारा कुणी निघाला नाही.

येहूला वाटलं असेल, नाबोथचा न्याय झाला. पण होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात, पहिल्याच अध्यायात, देव म्हणतो की इज्रेलच्या रक्तपाताचा हिशेब आता येहूच्या घराण्याकडून घेतला जाईल.