किराणा कुठून भरता?

“वहिनी, तुम्ही किराणा कुठून भरता?” हळदीकुंकवात, भिशीच्या दिवशी, स्टँडवर, कुठंही मला हा प्रश्न येतो. विचारणारीची खात्री असते, की सांगलीत कुठंतरी एक स्वस्त दुकान आहे, ते मला ठाऊक आहे आणि मी ते कुणाला कळू देत नाही. घरात माणसं पाच, पगार एकट्या मुलाचा, आमच्या दोघांची पेन्शन नावापुरती. तरी महिनाअखेरीला ओढाताण दिसत नाही म्हणजे काहीतरी गुपित असणारच! तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. किराणा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून भरते. तिथं तो काही स्वस्त मिळत नाही. दुकान जवळ आहे, खराब निघालेली डाळ ते परत घेतात आणि यादीबाहेरचं काही हाताला लागत नाही, एवढंच.

मॉलमध्ये साखर किलोमागे दोन रुपयांनी कमी असते हे मलाही माहीत आहे. पण साखर आणायला गेलेला माणूस नुसती साखर घेऊन येत नाही. बिस्किटांचे तीन पुडे, एक प्लास्टिकचा डबा आणि वर साखर, असं घेऊन येतो.

पतसंस्थेत मी बरीच वर्षं हिशेब लिहिले. लोकांचे हिशेब बघून माझं एक मत झालं आहे, ते पटो न पटो: जी बचत करायला रोज मन मारावं लागतं ती घरात टिकत नाही. ‘दिवा बंद कर’, ‘पंखा कोण बंद करणार’ असं दिवसभर ओरडलं की घरात नुसती भांडणं होतात, बिल तेवढंच येतं. म्हणून एकदाच डोकं लावायचं आणि मग वर्षभर तिकडं बघायचंही नाही, अशा जागा मी हुडकत असते.

विजेचंच घ्या. महावितरणच्या बिलात घरगुती वापराचे टप्पे असतात: पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० त्याहून बऱ्याच चढ्या दराने, ३०१ पासून ५०० पर्यंत आणखी वर. त्यात वहन आकार म्हणजे वीज घरापर्यंत आणल्याचे पैसे, इंधन समायोजन म्हणजे इंधनाच्या भावातला फरक, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार तर घराला कुलूप लावून गावाला गेलात तरी चुकत नाही. पण यातली कामाची गोष्ट अशी, की वापर कमी होतो तेव्हा सगळ्यात वरचे, म्हणजे सगळ्यात महागडे युनिट आधी जातात. ३२० वरून २७० वर आलात तर वाचलेले पन्नास युनिट स्वस्तातले नसतात.

आता हे पन्नास युनिट आणायचे कुठून? छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो. हल्ली बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे मिळतात, ते तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास फिरणारा एक पंखा बदलला की महिन्याला सोळा युनिट कमी होतात. तीन पंखे बदलले की अठ्ठेचाळीस. कुणाला ओरडावं लागत नाही, वारा तोच. पंखा महाग आहे हे खरं, म्हणून सगळे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त फिरतो, म्हणजे बहुतेक घरांत झोपायच्या खोलीतला किंवा म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचा, तो आधी. आणि पाहुण्यांच्या खोलीतला जुना राहू द्या, तो वर्षातून चार दिवस फिरतो.

पाण्याचा गिझर दोन हजार वॅटचा असतो. अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. आमचं घर बैठं, गच्ची मोकळी, म्हणून वर सौर बंब बसवला आहे. गिझर लागतो तो फक्त आषाढ-श्रावणातल्या ढगाळ दिवसांत. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर बंबाच्या नळ्या चोंदतात, हे बसवून देणारा सांगत नाही. तुमच्याकडं तसं पाणी असेल तर आधी विचारून घ्या.

पण आमच्या घरात सगळ्यात जास्त पैसे ना विजेत वाचले, ना किराण्यात. ते वाचले औषधांत. सासूबाई ८१ वर्षांच्या. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, आणि ह्या गोळ्या रोज आणि कायमच्या. गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि औषधाचं खरं नाव खाली बारीक: टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, अटोर्वास्टॅटिन. ती बारीक नावं आणि पुढचे मिलिग्रॅम मी एका कागदावर उतरवले, डॉक्टरांना दाखवून ‘जेनेरिक, म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाशिवायचं, चालेल का’ असं स्पष्ट विचारलं आणि तो कागद घेऊन सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रात गेले. तेच औषध, तेवढीच मात्रा, आणि किंमत बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी. आपल्या मनाने मात्र बदलू नका. थायरॉइडच्या किंवा फिट्सच्या गोळ्यांत कंपनी बदलली तरी काही जणांची मात्रा पुन्हा बघावी लागते, ते डॉक्टरच ठरवतील. गंमत म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या बायका औषधाच्या दुकानात मात्र बिल न बघता पैसे देतात. तिथं विचारायला लाज वाटते म्हणे.

आता धान्य. ‘वर्षाचं भरणं अजून परवडतं का?’ हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. परवडतं, पण सगळंच नाही. गहू, तूरडाळ आणि चटणी या तीन गोष्टी मी वर्षाच्या करते. रवा, मैदा, पोहे, बेसन महिन्यापुरतंच. ते साठवून वाचतं त्याहून जास्त किडीत जातं.

गहू मार्च-एप्रिलमध्ये नवा येतो, तेव्हा भाव उतरलेला असतो. आम्हाला पोळीला लोकवन लागतो, आणि रात्री ज्वारीची भाकरी असते म्हणून पाच माणसांत दीड क्विंटल पुरतो. खपली फक्त सणाच्या खिरीपुरती आणते, ती महाग. पोतं घरी आलं की चाळून दोन दिवस कडक ऊन द्यायचं, आणि मग सावलीत पूर्ण निवू द्यायचं. तापलेला गहू तसाच कोठीत लोटला की आत घाम धरतो आणि जूनमध्ये पोरकिडे. मधून मधून कडुनिंबाचा वाळवलेला पाला. डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा. तूर थंडीत निघते, म्हणून डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये भरायची. सणासुदीच्या तोंडावर घ्यायला जाल तर भाव बघून परत याल.

फ्लॅटमध्ये जागा नाही, ऊन नाही, असं असेल तर हा उद्योग करू नका. किंवा दोघी-तिघींनी मिळून एक पोतं घ्या आणि ज्यांची गच्ची आहे त्यांच्याकडं वाळवा. आमच्या गल्लीत तसंच चालतं.

“पण एकदम एवढे पैसे कुठून आणायचे?” हे विचारणाऱ्यांचं बरोबर आहे. महिन्याच्या पगारात क्विंटल बसत नाही, म्हणून किलोकिलोनं महागडं घ्यावं लागतं, आणि म्हणून पुढच्या वर्षीही पैसे साठत नाहीत. त्यावर माझा तोडगा भिशी. माझा नंबर मी मार्चचाच मागून घेते. दिवाळीचा नंबर सगळ्यांना हवा असतो, मार्चचा कुणाला नको असतो, त्यामुळे भांडण नाही. त्या पैशांत गहू, मिरची आणि घरपट्टी निघते. घरपट्टी लवकर भरली की बऱ्याच महापालिका सूट देतात, तेही त्यात साधतं.

चटणी म्हणजे आमच्याकडची कांदा-लसणाची, शेंगदाण्याची नव्हे. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, मग खोबरं, तीळ, धणे, उन्हाळ्यात स्वस्त झालेला कांदा, आणि डंकावर कुटून आणायची. खोबऱ्याच्या भावाकडे बघता हल्ली ती विकतच्या मसाल्यापेक्षा फार स्वस्त पडते असं म्हणवत नाही. तरी मी सोडणार नाही. घरात चटणी चांगली असली की नुसत्या वांग्या-बटाट्यावर, आमटीवर जेवण होतं. बाहेरून काही मागवायची आठवण पोरांना कमी होते. हा फायदा कुठल्या वहीत लिहिता येत नाही, पण बाहेरच्या एका जेवणाच्या पैशांत आमची आठवड्याची भाजी येते.

गॅसचं थोडक्यात. टाकी लावली की कॅलेंडरवर तारीख घाला, म्हणजे ती किती दिवस जाते ते कळेल. आत १४.२ किलो गॅस असायला हवा; रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, आणि आणून देणाऱ्याकडून वजन करून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करा. डाळ अर्धा तास भिजवा. बाकी सगळं तुम्हाला येतं.

पाकिटांवर मात्र जरा थांबा. तेलाच्या पिशवीवर लिटर आहे की ग्रॅम ते बघा. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं, किलोभर नव्हे. आणि हल्ली तर एकसारख्या दिसणाऱ्या दोन पिशव्यांत शे-पन्नास ग्रॅमचा फरक सर्रास असतो. आता एमआरपीच्या शेजारी दर ग्रॅमला किंवा दर मिलीला किती पैसे पडतात तेही छापतात. मी फक्त तेवढंच बघते. मोठा पुडा स्वस्तच असतो असं नाही, दोनदा ताडून बघा.

मुलीकडं पुण्याला जायचं तर एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ पूर्ण केलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून फुकट. सासूबाई आधार कार्ड पर्समध्ये घेऊनच निघतात आणि कंडक्टरने मागायच्या आत दाखवतात. आमच्या ह्यांना मात्र पूर्ण तिकीट पडतं, त्यावरून घरात बरंच बोलणं होतं.

आता जिथं मी हात आखडता घेत नाही त्या जागा. घरकामाच्या मावशींचा पगार दरवर्षी न मागता वाढतो, आणि दिवाळीला एक पगार वर. भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस नाही. तिचा दिवसाचा नफाच केवढा. आणि ताटात कपात नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुष्कळ घरांत काटकसर म्हणजे बाईनं दूध न घेणं, फळ मुलांना देऊन आपण न खाणं, शिळं एकटीनं संपवणं असंच चालतं. माझ्या आईनं जन्मभर तेच केलं. हिशेब लिहिणारी बाई म्हणून सांगते, तो पैसा पुढं डॉक्टरकडं जातो. दूध मी सगळ्यांना मोजून घेते, सुनेला आणि मला धरून.