स्लॅबवरची खारी

मे अखेरीस चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावाहून मालकाचा फोन. "साहेब, निघाच. बाबांनी स्लॅबवर धाबं घातलंय." धाबं म्हणजे जुन्या घरांचं मातीचं सपाट छत.

बंगला माझ्याच हातचा, दोन वर्षांपूर्वीचा. मालक आठ दिवस सुरतेला काय गेला, म्हाताऱ्याने सालदाराला हाताशी धरून खारी माती घमेल्या-घमेल्याने गच्चीवर चढवली. अर्धा फूट थर, पाणी मारून चोपलेला, पन्हाळीकडे उतार. माझ्या गवंड्याला असा उतार आजवर जमलेला नाही.

हिशेब केला आणि घाम फुटला. नऊशे चौरस फूट म्हणजे साडेचार ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), वीस टन तरी. गच्चीवर माणसांच्या वावराला आम्ही चौरस मीटरला १५० किलो धरतो. इथं कोरडी मातीच २५० च्या घरात, आणि मृग तोंडावर. भिजली की आणखी जड. छज्ज्यावरची माती खरवडली तर भिंतीलगत केसाएवढी तड. "आजच्या आज उतरवा," म्हणालो.

म्हातारा ओट्यावरून म्हणाला, "भाऊ, तुना घरमा मानूस शिजस."

दुपारचे साडेतीन. आत जाऊन पलंगावर चढलो, छताला तळवा टेकवला. गार नव्हतं, पण हात सुखाने राहिला. जिन्यावरच्या स्लॅबवर माती नव्हती. तिथं हात ठेववेना.

इथलं जुनं धाब्याचं घर मीच पाडलं होतं. दोन फुटी मातीच्या भिंती. दुपारचं ऊन आत पोचेस्तोवर रात्र होई, आणि कोंडलेली गरम हवा वरच्या साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, निघून जाई. जेसीबीने एका सकाळीत सपाट. छताच्या सागवानी कड्या फर्निचरवाल्याने नेल्या. ठेवू या का, असं मालकाने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. स्लॅबचे पैसे चौरस फुटावर मिळतात. धाबं जपायचं म्हटलं की आधी माणूस शोधा, मग भांडा.

माती उतरवल्यावर स्लॅबवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवू, नाहीतर मडकी उलटी मांडून वर चुन्याचा कोबा करू, असं सुचवलं. "मडकी? लोक हसतील साहेब," मालक म्हणाला. दीड टनाचे दोन एसी लागले. दुपारी लाइट गेली की सगळे ओट्यावर.

खारी वाया गेली नाही. म्हाताऱ्याने ती ट्रॉलीने मळ्यातल्या गोठ्याच्या धाब्यावर नेऊन टाकली आणि स्वतःची खाटही तिथंच हलवली. तड भरायला गेलो तेव्हा मला मुद्दाम शिडीवर चढवलं.

"उतार देखी ले, भाऊ."