बाणस्तारीची सुंगटं आणि माझं नाक

गेल्या मे महिन्यात गोव्यातल्या बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारातून मी पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीसाठी, अर्धा किलो सुकी सुंगटं (कोळंबी) आणली. सासूबाईंनी पिशवी उघडली, तोंड फिरवलं आणि तशीच माझ्या नाकापुढे धरली. "वास घेवन पळय गो!" म्हणजे वास घेऊन बघ गं. घेतला. काहीच नाही. सुंगटं दमट राहून कुजली होती, आणि मी भाव करून, हातात घेऊन, पैसे मोजून ती आणली होती.

मला वास येत नाही हे तोवर दीड वर्ष मी लपवत होते. दूध करपलं की "फोन आला होता" म्हणायचं. गॅसची मात्र धास्ती असायची, रात्री उठून दोनदा बटण बघून यायची.

त्यात मी माशेलला राहणारी विज्ञानाची शिक्षिका. ज्ञानेंद्रियं शिकवताना डोळ्याला तीन तास, कानाला दोन, आणि नाक तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, घंटा व्हायच्या आत. बावीस वर्षं असंच उरकलं. मराठीत नाकाला मान केवढा! नाक वर, नाक कापलं, नाकासमोर चालणारा. पण हे सगळं अब्रूचं नाक. हुंगणाऱ्या नाकाची चौकशी कोण करतो?

सुरुवात साध्या चोंदण्यानं झाली. फार्मसीतून थेंब आणले. दहा मिनिटांत नाक मोकळं, म्हणून रोज, म्हणून दहा महिने. हे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात, आणि चार-पाच दिवसांपलीकडे घेत राहिलं तर अस्तर उलट जास्त सुजतं, हे मला माहीत असायला हवं होतं. शेजारपाजारी निदान ठरलेलं: "हाड वाढलंय." आपल्याकडे प्रत्येकाच्या नाकातलं हाड वाढतं. खरं तर बहुतेक वेळा ते वाढत नाही, मधला पडदा वाकडा असतो. माझं तेही नव्हतं. पणजीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि स्क्रीनवर मलाच दाखवलं: दोन्हीकडे सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या मऊ गाठी.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी छतापाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत असतात. माझ्या त्या पेशी वर ताटकळत बसलेल्या, आणि खाली दार बंद. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये वास पकडणाऱ्या ग्राहकांची, म्हणजे रिसेप्टरांची, जनुकं शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक. एकेक वास त्यांतल्या अनेकांना कमी-जास्त छेडतो आणि त्या जुळणीवरून मेंदू ओळखतो, हा मोगरा, ही फेणी.

या काळात स्वयंपाकघरात गंमत कळली. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी यायचंच. व्हिक्स थंड लागायचं, पण त्याला वास नव्हता. बांगड्याच्या उड्डमेथी या कालवणातल्या तिरफळाची जिभेवरची झिणझिण जशीच्या तशी, आणि तिरफळ मात्र गायब! कारण झोंबणं, गारवा, झिणझिण हे सगळं स्पर्शाच्या नसांचं काम आहे. जीभ बिचारी आंबट-खारट एवढंच सांगते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घशामागून नाकात चढणारा वास.

बाणस्तारीला नाकाचा आणखी एक इतिहास आहे. १५१२ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो दि आल्बुकेर्कनं इथला आदिलशाहीचा किल्ला घेतला. आदिलशहाला जाऊन मिळालेले काही पोर्तुगीज आत होते, त्यांना ठार मारायचं नाही या अटीवर किल्ला सोडला गेला. आल्बुकेर्कनं शब्द पाळला, म्हणजे मारलं नाही. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. त्यांतला फेर्नांव लोपिश पुढे सेंट हेलेना बेटावर उतरला आणि तिथे कितीतरी वर्षं एकटा राहिला. त्याचं नाक कुणी दुरुस्त केलं नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या बैलगाडीवाल्या कावसजीला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं गेलं, आणि ते वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आलं. तोवर लोपिशला जाऊन अडीचशे वर्षं होत आली होती. पण वास घेणारी जागा वर, आत असते, ती सुरीखाली आली नसणार. त्याला त्या बेटावर समुद्राचा वास येत असेल. मला नाक होतं, चांगलं धारदार.

शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली, भूल देऊन, बाहेर एकही टाका नाही. त्रास झाला तो नाकातले बोळे काढताना. मेंदूच ओढून काढताहेत असं वाटलं. मग मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, स्टेरॉइडचा फवारा, आणि वास पुन्हा शिकण्याच्या सरावासाठी सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या चार बरण्या: गुलाब, नीलगिरी, लिंबू, लवंग. हे चार वास जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थोमास हुमेल यांच्या २००९ च्या अभ्यासातले. तीन आठवडे मी मुकाट्यानं रिकाम्या हवेची पारायणं केली.

पहिला वास आला तो मात्र माझ्याच उशीचा. खवट! खोबरेलाची बाटली कधीची बिघडली होती आणि मी ते तेल केसांना चोपडून शाळेत जात होते. नवऱ्याला विचारलं, सांगितलं का नाही? "तुला आवडतं वाटलं," म्हणाले. लवंग त्याच आठवड्यात आली, लिंबू नंतर. एप्रिलमध्ये सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) घरात आले, तेव्हा सगळ्या बायका डोळे मिटून हुंगत होत्या. मीही मिटले. सुरंगी अजून आलेली नाही. पॉलिप परत येऊ शकतात, फवारा सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

परवा गुरुवारी पुन्हा बाणस्तारी. त्याच बाईपुढे बसले आणि दोन्ही ढिगांतली सुंगटं मुठीत घेऊन हुंगली. "बाय, ही दमट आहेत." तिनं काही मान्य केलं नाही. दुसऱ्या ढिगातली मोजताना मात्र एक मूठ जास्त घातली.