नवी आवृत्ती, जुना पॅलाडिन आणि सहा रविवार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या नव्या नियमांवर जायचं की जुन्यांवरच राहायचं, हे ठरवायला आमच्या टेबलाला सहा रविवार लागले. त्यातले चार एका पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) एका स्माइटनं, म्हणजे वारावरच्या जादुई जादा मारानं, खाल्ले. आठवलं की अजून डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकतोय. दुसऱ्या एखाद्या डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, एखादा रविवार तरी वाचेल.

आम्ही खेळतो ती २०१४ची पाचवी आवृत्ती. मी डीएम आणि समोर चौघं: पॅलाडिन, निसर्गाची जादू करणारी ड्रुइड, फायटर आणि छुपे वार करणारा रोग. (हा शेवटचा शब्द देवनागरीत लिहिला की टेबलावर पेशंट येऊन बसल्यासारखं वाटतं, पण इलाज नाही.) मोहीम अर्ध्यावर आली होती, सगळे सातव्या लेव्हलला. सप्टेंबर २०२४मध्ये नवं प्लेयर्स हँडबुक आलं, नोव्हेंबरमध्ये डंजन मास्टर्स गाइड, फेब्रुवारी २०२५मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल. तिन्ही येईपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग ३८४ पानांचं हँडबुक दोन रात्रींत चाळून ग्रुपवर टाकलं, ‘पुढच्या रविवारपासून नवे नियम.’

माती खाल्ली ती इथेच. विचारायच्या ऐवजी जाहीर करून बसलो.

बरेचसे बदल कुणाला खुपलेही नाहीत. औषधाची बाटली आता बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीत एकदाच मिळणाऱ्या छोट्या जादा कृतीत, पिता येते. आम्ही ते कधीपासून तसंच खेळत होतो. क्युअर वुंड्स या जखमा भरणाऱ्या जादूला एकाऐवजी दोन डी८ (आठ बाजूंचे फासे) मिळाले, त्याला कोण नाही म्हणणार? थकव्याचा सहा ओळींचा जुना तक्ता माझ्या कधी लक्षात राहिला नाही. आता थकव्याच्या दर पायरीला वीस बाजूंच्या फाशावर वजा दोन, चालीत पाच फूट कमी, सहाव्या पायरीला मरण. संपलं. अचानक हल्ला झाला तर जुन्या नियमात अख्खी पहिली पाळी हुकायची, आता फक्त इनिशिएटिव्हचा, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा, फासा डिसॲडव्हांटेजनं टाकायचा: दोनदा टाकून कमी तो घ्यायचा. रोगवाल्यानं आपली नवी पानं वाचली, स्नीक अटॅकमधला फासा सोडून शत्रूला पाडता येतं हे बघितलं आणि विषय संपवला. पहिल्या रविवारी तासाभरात आम्ही इथवर आलो होतो. मनात म्हटलं, चला, सुटलो.

तेवढ्यात पॅलाडिनवाल्यानं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘हे काय आहे? स्माइट आता स्पेल? म्हणजे मंत्र?’

ज्यांनी पॅलाडिन खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या नियमात तलवार लागली की मागाहून म्हणायचं, ‘स्माइट.’ ॲक्शन लागत नाही, काही नाही. एक स्लॉट, म्हणजे दिवसाच्या जादूच्या मोजक्या कोट्यातला एक, खर्च करायचा आणि वर फासे ओतायचे: पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला दोन डी८, दुसऱ्याला तीन, समोर अनडेड (मेलेला पण चालता) किंवा फीन्ड (सैतानी जीव) असेल तर आणखी एक. एका पाळीत दोन वार लागले तर दोन्हींवर. आमचा हा गडी दोन्ही तळहातांत फासे खुळखुळवायचा, बाकीचे टेबल बडवायचे आणि मी माझ्या राक्षसाचे हिट पॉइंट खोडत बसायचो. नव्या नियमात डिव्हाइन स्माइट पहिल्या लेव्हलचं स्पेल आहे आणि बोनस ॲक्शन घेतं. म्हणजे पाळीत एकदाच.

‘म्हणजे माझं कॅरेक्टर मेलं,’ तो म्हणाला.

दुसरा रविवार त्याच्या बाजूनं बोलण्यात गेला, तिसरा माझ्या. चौथ्याला फायटरवाली मोबाइल बघत बसली, आणि मला तिचा राग येण्याऐवजी हेवा वाटला. पॅलाडिनवाल्याचं म्हणणं असं, की स्पेल झालं म्हणजे आधी टाकावं लागणार, त्यावर कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे लक्ष टिकवणं, लागणार आणि वार लागायच्या आधी ते तुटलं की सगळं वाया. क्रिटिकल (फाशावर वीस, म्हणजे दुप्पट फासे) दिसल्यावर स्माइट मारायची मजाही गेली. मी म्हणायचो, ‘अरे, बाकी किती चांगलं मिळतंय ते बघ ना.’ तो म्हणायचा, ‘तुला काय जातंय?’ आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर.

चौथ्या रविवारी रात्री घरी येऊन मी ते स्पेल पहिल्यांदा नीट, शब्दन् शब्द वाचलं. होय, चार रविवार भांडून झाल्यावर. बोनस ॲक्शन खरी, पण ती घ्यायची वार लागल्यानंतर लगेच. कॉन्सन्ट्रेशन नाही. म्हणजे वीस पडला, क्रिटिकल दिसलं, मग स्माइट, हे जसंच्या तसं शाबूत! तो जे सांगत होता ते २०१४च्या पुस्तकातल्या सियरिंग स्माइट वगैरे स्पेलचं होतं. ती आधी टाकून ठेवावी लागायची. नावं सारखी, डोक्यात भेळ झालेली. त्यानं नोंद पुरती वाचली नव्हती आणि मीही नाही. दोघंही ऐकीव माहितीवर तलवारी परजत होतो.

खरं नुकसान वेगळीकडेच होतं, आणि त्यातलं अर्धं आमच्या गावीही नव्हतं. एक तर दोन वारांवर दोन स्माइट गेले. दुसरं, शत्रू पळताना जो ऑपॉर्च्युनिटी अटॅक मिळतो त्यावर स्माइट बसत नाही, कारण बोनस ॲक्शन फक्त आपल्या पाळीत असते. तिसरं, ले ऑन हँड्स, म्हणजे हात ठेवून बरं करणं, हेही आता बोनस ॲक्शन आहे. एरवी चांगलंच, पण एका पाळीत साथीदाराला उठवायचं की स्माइट मारायचा, यातलं एकच निवडावं लागतं. आणि स्पेल आहे म्हटल्यावर समोरचा जादूगार काउंटरस्पेल टाकून ते हाणून पाडू शकतो.

मग कागद घेऊन बेरीज केली. सातव्या लेव्हलच्या पॅलाडिनला पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट असतात, दुसऱ्याचे तीन. सगळे स्माइटवर उधळले तर जुन्या नियमात दिवसाचे सतरा डी८. नव्या नियमात स्लॉट तेवढेच, वर लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एक स्माइट फुकट, म्हणजे एकोणीस. दिवसाचा हिशेब वाढतो आणि कमी होतो तो एका पाळीतला धडाका, सहा डी८वरून तीनवर. बेरजेचा फोटो मी रात्री साडेबाराला त्याला पाठवला. उत्तर आलं, ‘मला दिवसाचं काय करायचंय?’

आणि खरं सांगतो, तिथे मला त्याचं पटलं. लोक फाशांच्या बेरजेसाठी टेबलावर येत नाहीत. तो त्या खुळखुळाटासाठी येत होता.

पाचव्या रविवारी बोलणं बंद आणि खेळून बघणं सुरू. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तीच चार कॅरेक्टर्स, तीच गुहा आणि जुन्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले दोन ट्रोल: एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट ८४, आग किंवा ॲसिड लागलं नाही तर प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दहा परत. आधी जुन्या नियमांनी, मग चहा घेऊन नव्यांनी. मोहिमेशी संबंध नाही, मेलात तरी मोजायचं नाही. राक्षस मुद्दाम दोन्ही वेळा जुनेच ठेवले, नाहीतर फरक नक्की कशामुळे पडला ते कळत नाही.

पहिल्या लढाईत पॅलाडिननं दुसऱ्याच पाळीत डबल स्माइट मारून एक ट्रोल जवळजवळ झोपवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की बघतच राहावं. दुसऱ्या लढाईत तो सुरुवातीला गप्पच होता. मग त्याचा वार हुकला. मी पुढच्या पाळीकडे वळणार तोच रोगवाला म्हणाला, ‘थांब, ग्रेटस्वोर्ड आहे ना? ग्रेझ बघ.’ नव्या नियमात प्रत्येक हत्याराला एक मास्टरी असते. ग्रेटस्वोर्डची ग्रेझ, म्हणजे वार हुकला तरी ताकदीच्या मॉडिफायरएवढं लागतंच. त्याची ताकद अठरा, म्हणजे चार. हुकूनही चार! त्यानं ते चार शीटच्या कोपऱ्यात उगाच लिहून ठेवले.

गंमत म्हणजे त्या लढाईत मला त्रास झाला तो पॅलाडिनचा नव्हेच, फायटरचा. तिच्या हातात मॉल, म्हणजे मोठा हातोडा, त्याची मास्टरी टॉपल. प्रत्येक वार लागला की ट्रोलनं कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे तग धरायचा फासा, टाकायचा, नाही जमला तर आडवा. दोन वार, दोन सेव्ह, ॲक्शन सर्ज (जादा ॲक्शन) केला की चार. फासा माझ्या हातातून खाली जाईना. शेवटी ट्रोलचे चार-पाच सेव्ह आधीच टाकून कागदावर ओळीनं लिहून ठेवले आणि वार लागेल तसे खोडत गेलो. टॉपलवालं कुणी टेबलावर असेल तर हे जरूर करा.

ड्रुइडवालीबद्दल लिहायचं राहतंच होतं, आणि सहा रविवार तिचं असंच राहत गेलं. खरं तर सगळ्यांत जास्त गेलं तिचं. जुन्या कंजुर ॲनिमल्समध्ये ती आठ लांडगे बोलवायची. आठ चावे, पॅक टॅक्टिक्समुळे प्रत्येकाला दोन फासे, शिवाय चावा लागला की पडण्याचा सेव्ह. तिची पाळी आली की लोक उठून पाय मोकळे करून यायचे. नव्या स्पेलमध्ये प्राण्यांचा एक धूसर कळप येतो, एक सेव्ह, तीन डी१०, पुढे चला. बाकीच्यांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. पॅलाडिनच्या एका स्माइटसाठी चार रविवार, आणि हिच्या आठ लांडग्यांसाठी कुणी चार मिनिटंही दिली नाहीत, कारण लांडगे गेल्यानं सगळ्यांचाच फायदा होता. तिनं एकदाच विचारलं, ‘त्यांना मी नावं दिली होती, ती कळपाला चालतील का?’ मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

आता आठवतील तशा दोन-चार गोष्टी. ठरवण्यासाठी पुस्तक विकत घ्यायची गरजच नाही. एसआरडी ५.२ नावाचा मूळ नियमांचा दस्तऐवज एप्रिल २०२५पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यानं फुकट मिळतो. प्रत्येक क्लासचा (पॅलाडिन, ड्रुइड वगैरे) एकच सबक्लास (उपप्रकार) आहे त्यात, पण चाचणीच्या लढाईला तेवढा पुरतो.

आमचा रोग हाफ-एल्फ आहे आणि नव्या हँडबुकात हाफ-एल्फ नाही. अडत नाही. जुनी जात घ्या, तिच्यासोबतचे वाढीव गुण सोडा आणि ते बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून, घ्या. फक्त जुन्या हाफ-एल्फला एकूण चार मिळायचे, बॅकग्राउंडमधून तीनच मिळतात. तो एक गुण मी राहू दिला. एका गुणासाठी सातवा रविवार घालवायची माझी तयारी नव्हती.

कॅरेक्टर शीट ऑनलाइन ठेवत असाल तर बदलायच्या आधी जुनी छापून घ्या. आमच्या एकाच्या शीटवर एकाच नावाची दोन स्पेल शेजारी शेजारी येऊन बसली, एक जुनं, एक नवं, आणि भर लढाईत कुठलं कुठलं ते कळेना. आणि ‘ज्याला जे आवडेल त्यानं ते घ्यावं’ असं कुणी सुचवलं तर तिथल्या तिथे नाही म्हणा. जुना स्माइट आणि नवी ग्रेझ दोन्ही मागणारा माणूस प्रत्येक टेबलावर असतो. आमचा कोण, ते सांगायला नको.

सहाव्या रविवारी मी जाहीर काही केलं नाही, हात वर करायला सांगितले. तीन विरुद्ध एक. एकट्यानं एकच अट घातली: गावावर चालून आलेल्या ‘वाइट’ नावाच्या अनडेडशी हिशेब बाकी आहे, तो जुन्या नियमांनी पुरा करायचा आणि आठव्या लेव्हलपासून नवे. सगळ्यांनी मान्य केलं. अनडेड म्हणजे वर एक डी८ जास्त, त्याचा शेवटचा डबल स्माइट त्यालाही हवा होता आणि आम्हालाही.

त्यानं फासे आधीच मोजून तळहातात धरले, आठ डी८. ड्रुइडवालीनं टेबल बडवायला सुरुवात केली. पहिला वार, फाशावर तीन. दुसरा, पाच. दोन्ही हुकले.

त्यानं ते आठही फासे एकेक करून डबीत ठेवले आणि स्वतःशीच पुटपुटला, ‘ग्रेझ असतं तर आठ तरी लागले असते.’