मृत्युपत्रात बायकोला काहीच नाही? इंग्लंडात सहा महिने हातात असतात

इंग्लंड-वेल्समध्ये माणूस आपलं सगळं मृत्युपत्राने मुलग्यांना देऊन जाऊ शकतो. बायकोसाठी अमुक हिस्सा ठेवलाच पाहिजे, असं बंधन नाही. (स्कॉटलंडचं गणित निराळं, तिथे जंगम मालमत्तेतला जोडीदाराचा हक्क मृत्युपत्रानेही जात नाही.) पण १९७५ च्या वारसा-तरतूद कायद्याखाली विधवा किंवा विधुर कोर्टाकडे जास्त मागू शकतो. त्यासाठी मृत्युपत्र खोटं ठरवावं लागत नाही. नवऱ्याने अन्याय केला, हेही सिद्ध करायचं नसतं.

इतर नातेवाइकांना फक्त चरितार्थापुरतं मिळतं. जोडीदाराला ती मर्यादा नाही. मृत्यूऐवजी त्या दिवशी घटस्फोट झाला असता तर तिच्या वाट्याला काय आलं असतं, हे कोर्ट पडताळून पाहतं. २०२३ मध्ये हायकोर्टापुढे असंच प्रकरण आलं. पंजाबी कुटुंब, ६६ वर्षांचा संसार, कपड्यांचा धंदा, आणि मृत्युपत्रात सगळं दोन मुलग्यांना. विधवेला खर्च वजा जाता निम्मी मालमत्ता मिळाली.

आधी घराचा उतारा काढा. लँड रजिस्ट्रीच्या नोंदीत ‘एकट्या मालकाने विक्री करता येणार नाही’ अशा अर्थाचं बंधन दिसलं, तर घर बहुधा हिश्शांनी आहे आणि नवऱ्याचा हिस्सा मृत्युपत्राप्रमाणे जाईल. तसं नसून घर दोघांच्या संयुक्त मालकीचं असेल, तर ते आपसूक तुमचं होतं.

आपल्या लोकांची खरी अडचण अधिवासाची, म्हणजे कायद्याच्या नजरेत माणसाचं कायमचं घर कुठल्या देशात, याची. मृत्यूच्या वेळी नवऱ्याचा कायदेशीर अधिवास इंग्लंड-वेल्समध्येच हवा. तीस वर्षं लेस्टरला राहूनही ‘रिटायर झालो की नाशिकला कायमचं जायचं’ असं तो लिहून-बोलून गेला असेल, तर समोरचा वकील नेमकं तेच पुढे करतो. अधिवास भारताचा ठरला की या कायद्याखालचा दावा संपला.

मुदत सहा महिन्यांची, आणि ती मृत्यूपासून नव्हे, प्रोबेटचा दाखला (मृत्युपत्राप्रमाणे मालमत्ता हाताळण्याची अधिकृत परवानगी) निघाल्यापासून. तो कधी निघाला हे तुम्हाला कोणी कळवेलच असं नाही. म्हणून प्रोबेट रजिस्ट्रीत पीए१एस फॉर्म भरून ठेवा. दाखला निघाला की प्रत येते. ही नोंद सहा महिने चालते, मग नव्याने करायची. मुदत उलटल्यावर कोर्टाची परवानगी लागते, आणि तोवर वाटपही झालेलं असू शकतं.

दरम्यान घरखर्चाचीच ओढाताण असेल तर तात्पुरती रक्कम मागता येते. वय झालेलं असेल तर मात्र अजिबात थांबू नका. निकालाआधी दावेदार गेला तर दावाही त्याच्याबरोबर जातो, मुलांकडे येत नाही.

‘घरातल्या घरात मिटवू’ म्हणताना हे सहा महिने सरतात. त्यापेक्षा दावा दाखल करा. समोरच्यांवर तो बजावायला तुम्हाला चार महिने मिळतात, बोलणी तेव्हा करा.