नववा दिवस

मालवणात जून-जुलै हा माझा सीझन. मासेमारी बंद असते, ट्रॉलर काठावर ओढलेले असतात आणि सगळ्या तांडेलांना, म्हणजे बोटींच्या कप्तानांना, एकाच वेळी इंजिन उघडून हवं असतं. त्या वर्षी मृग लागला आणि मी तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, नागदेवी स्ट्रीटवरून बेअरिंग आणि नोझल आणायला. काम एका दिवसाचं होतं, राहिलो दोन रात्री. दुसऱ्या रात्री दारू होती, निरोध नव्हता. याहून जास्त सांगत नाही.

परत आल्यावर झोप उडाली. नवव्या दिवशी लांबच्या एका लॅबमध्ये खोटं नाव लिहून एचआयव्हीच्या चाचणीला रक्त दिलं. वीस मिनिटांत पट्टीवर एकच रेघ, निगेटिव्ह. प्रसंग कधीचा हे लॅबवाल्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. येताना गावठी कोंबडी घेतली, हिने वडे केले, आणि घरात मी पुन्हा पूर्वीसारखा नवरा झालो. हे शेवटचं वाक्य लिहिताना मी तीन दिवस अडलो होतो.

जुलैत ताप आला, अंग मोडून निघालं. मोबाईलवर बघितलं तर सगळी लक्षणं एचआयव्हीची. डॉक्टरांनी मात्र आधी लेप्टो आणि मलेरिया तपासला. पावसात चिखल तुडवणाऱ्या माणसाचं आमच्याकडे तेच बघतात. चार दिवसांत ताप उतरला. असला ताप कशानेही येतो, त्यावरून होय की नाही काहीच ठरत नाही, हे मला तेव्हा कोण सांगणार? रात्री जेटीवर जाऊन एड्स हेल्पलाइनचा १०९७ लावला. त्याला पैसे पडत नाहीत. पलीकडून पहिला प्रश्न आला, "किती दिवस झाले?"

मालवणच्या रुग्णालयात सगळे ओळखतात, म्हणून ओरोसला गेलो. एसटीत शेजारचा भेटलाच. "खंय रे?" म्हटलं, कलेक्टर ऑफिसात काम आसा. जिल्हा रुग्णालय तिथेच, त्यामुळे अर्धंच खोटं.

समुपदेशक मॅडमनी आधी संमतीची सही घेतली. २०१७ च्या कायद्याने विचारल्याशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट बाहेर फोडता येत नाही, हे सांगितलं. मग माझा नववा दिवस त्यांनी अक्षरशः खोडून टाकला. ती पट्टी विषाणू शोधतच नाही. शरीर त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं बनवतं ती शोधते, आणि ती दिसण्याइतकी तयार व्हायला २३ ते ९० दिवस लागतात. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती फोर्थ जनरेशन चाचणी विषाणूचा पी२४ नावाचा भागही पकडते, म्हणून ती १८ ते ४५ दिवसांत सांगते. थेट विषाणू मोजणारी नॅट १० ते ३३ दिवसांत. म्हणजे नवव्या दिवशी कुठलीही चाचणी केली असती तरी तिच्यावर विसंबता आलं नसतं. इंजिन चालू न करताच ऑइल प्रेशर बघण्यासारखं ते.

दुसरी गोष्ट जास्त लागली. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठलं असतं तर २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता आली असती. जितकं लवकर तितकं बरं. ते ७२ तास मी गोडाऊनमध्ये गॅस्केट मोजत घालवले होते.

"आणि पॉझिटिव्ह आली तर?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, एका पट्टीवर आम्ही कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाही. मला हिशेबाशिवाय पटत नाही, म्हणून त्यांच्याच कागदावर मांडला. देशात प्रौढांमध्ये हजारी साधारण दोघांना लागण आहे. म्हणजे दहा हजारांत वीस. चाचणी हजारातल्या पाचच निरोगी माणसांना चुकीचं धरते असं समजा, तरी पन्नास माणसं विनाकारण अडकली. सत्तर रिॲक्टिव्ह, म्हणजे चाचणीत लागण दिसलेले, त्यातले खरे वीस! म्हणूनच पहिली रिॲक्टिव्ह आली की वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन किटवर तपासतात आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह लिहितात. ही आकडेमोड सरसकट सगळ्यांना तपासल्याची. ज्याच्या हातून माझ्यासारखा प्रसंग घडलाय, त्याने तिच्या भरवशावर निर्धास्त राहू नये.

त्या दिवशीची चाचणी निगेटिव्ह आली, पण बत्तिसावाच दिवस होता. ४५ व्या दिवशी फोर्थ जनरेशन करा, तीन महिन्यांनी शेवटची इथे या, तोवर घरी निरोध वापरा. आणि पत्नीला सांगा.

सांगितलं. ही तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "माका आधी कित्याक सांगूक नाय?" आधी म्हणजे नवव्या दिवशीची लॅब की मुंबई, ते मी विचारलं नाही.

४५ व्या दिवसाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. ९२ व्या दिवशी, हरतालिकेच्या आधी, पुन्हा ओरोसला. ही बरोबर आली. माझी निगेटिव्ह आल्यावर मॅडम तिला म्हणाल्या, आता माझ्यामुळे तिला वेगळ्या चाचणीची गरज उरत नाही. हिने तरी बाही वर केली.

"करा," म्हणाली. "माका माझो कागद होयो."